डायबेटीसच्या ट्रायलवर काम करताना बघितलेलं पैशाचं गणित

क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करते म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक म्हणजे "पेशंटवर प्रयोग करता का तुम्ही?" आणि दुसरी, आवाज जरा खाली आणून, "आकडे फिरवतात ना कंपनीवाले?" पहिल्याचं उत्तर हो, त्यांना सगळं सांगून आणि सही घेऊन. दुसऱ्याचं उत्तर माझ्या अनुभवापुरतं तरी नाही. दुसरीकडे असे प्रकार झालेत, उघडकीलाही आलेत, पण मी पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलच्या डायबेटीस ओपीडीत रिसर्च कोऑर्डिनेटर आहे (नाव देत नाही, गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्यात) तिथे एकाही पेशंटची एकही शुगर कुणी बदललेली मी बघितली नाही. उलट एखादी तारीख खोडून शेजारी सही करायची राहिली तर मॉनिटर मॅडम, म्हणजे कंपनीच्या वतीने आमचे कागद तपासायला येणाऱ्या बाई, अर्धा दिवस डोकं खातात. पैशाचा प्रभाव येतो तो वेगळ्याच बाजूने, आणि तो कुठून कुठून येतो हे कळायला मला एक अख्खी ट्रायल पहिल्या ईमेलपासून शेवटच्या खोक्याला टेप लावेपर्यंत करावी लागली.

सुरुवात फीजिबिलिटीपासून होते, म्हणजे आपल्याकडे ही ट्रायल जमेल का याची चाचपणी. सीआरओ, म्हणजे कंपनीच्या वतीने ट्रायल चालवून देणारी मधली एजन्सी, एक लांबलचक प्रश्नावली पाठवते. नवीन होते तेव्हा मला वाटायचं की यात विचारत असतील तुमच्या पेशंटना कशाचा जास्त त्रास होतो, कुठलं औषध पुरं पडत नाही वगैरे. तसलं काही नसतं हो. महिन्याला या प्रकारचे पेशंट किती येतात, त्यातले किती तयार होतील, डीप फ्रीजर आहे का, त्याला जनरेटरचा बॅकअप आहे का, एथिक्स कमिटी (हिच्या परवानगीशिवाय ट्रायल होत नाही) किती दिवसांनी बसते, याच आजारावरची दुसऱ्या कंपनीची ट्रायल चालू आहे का. म्हणजे प्रोटोकॉल, ट्रायलचा आराखडा, तोपर्यंत पक्का झालेला असतो, कोणाची तुलना कोणाशी करायची, किती आठवडे, यश कशाला म्हणायचं हे सगळं कुठेतरी लांब ठरलेलं असतं आणि आपल्याला फक्त माणसं किती देणार ते सांगायचं असतं.

आमची ट्रायल साधारण अशी होती: ज्यांची शुगर मेटफॉर्मिनवर, म्हणजे डायबेटीसला सहसा आधी देतात त्या गोळीवर, आटोक्यात येत नाही असे लोक घ्यायचे, निम्म्यांना मेटफॉर्मिनच्या जोडीला नवीन गोळी, निम्म्यांना मेटफॉर्मिनच्या जोडीला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, आणि २४ आठवड्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, किती उतरली ते बघायचं. (शुगर फारच चढली तर रेस्क्यू म्हणून दुसरं औषध देतात, कुणाला वाऱ्यावर सोडत नाहीत, हे सांगायलाच हवं.) आता ज्याची शुगर मेटफॉर्मिनवर उतरत नाही त्याला ओपीडीत कुठला डॉक्टर प्लासिबो देतो? तो सरळ ग्लिमेपिराइड लिहून देतो, जुनी गोळी, स्वस्त, तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. त्यामुळे डॉक्टरला खरंतर हे हवं असतं की या स्वस्त गोळीपेक्षा तुमची महाग गोळी किती बरी, आणि ट्रायल बघते की काहीच न दिल्यापेक्षा ती बरी आहे का. त्याचं उत्तर हो येणार हा अंदाज आधीच्या टप्प्यांवरून कंपनीला आलेला असतो, त्याशिवाय एवढा खर्च कोण करेल, आणि मान्यता मिळायला बहुतेक वेळा तेवढं उत्तर पुरतं.

आमच्या सरांनी, म्हणजे ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांनी, कॉलवर विचारलंही होतं की दुसऱ्या गटाला ग्लिमेपिराइड का नाही. पलीकडची मुलगी फार नम्रपणे म्हणाली, "सर, प्रोटोकॉल ग्लोबल आहे." विषय संपला. तिच्याही हातात काही नव्हतं.

मग महाग विरुद्ध स्वस्त असं कुणी बघितलं का? बघितलं, अमेरिकेच्या सरकारी पैशातून. ग्रेड नावाची ट्रायल २०१३ ला सुरू झाली, ५०४७ माणसं, सगळी मेटफॉर्मिनवर असलेली, त्यांना चार गटांत वाटलं: ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, लिराग्लुटाइड आणि ग्लार्जिन इन्सुलिन, आणि सरासरी ५ वर्षं त्यांच्या मागे राहिले. औषधं कंपन्यांनी फुकट दिली होती, ते श्रेय त्यांना. सविस्तर निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये छापून आले तेव्हा शुगर धरून ठेवण्यात चौघांत सगळ्यात मागे राहिली सिटाग्लिप्टिन, जुन्या ग्लिमेपिराइडच्याही मागे. फरक काही जमीन-अस्मानाचे नव्हते आणि ग्लिमेपिराइडने शुगर एकदम खाली जायचा धोका जास्त असतो, म्हणजे लगेच सगळ्यांनी गोळ्या बदला असं नाहीये. पण सिटाग्लिप्टिन बाजारात आली २००६ ला, आमच्या ओपीडीतले लोक ती वर्षानुवर्षं चाळीसेक रुपयाला एक अशी घ्यायचे, तिचं भारतातलं पेटंट संपलं जुलै २०२२ मध्ये, आणि हा पेपर आला त्यानंतर दोन महिन्यांनी. कुणी ठरवून केलं असं मी अजिबात म्हणत नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना या प्रश्नाची घाई नव्हती, एवढंच.

असो. फीजिबिलिटीत पास झालो, मग करार. हा तीन पक्षांचा असतो, कंपनी किंवा सीआरओ, हॉस्पिटल आणि सर. पैशाचा तक्ता व्हिजिटप्रमाणे असतो: स्क्रीनिंगचे (पेशंट निकषांत बसतो का ते तपासायचे) इतके, रँडमायझेशनचे (चिठ्ठी टाकल्यासारखं गटात घालायचे) इतके, प्रत्येक फॉलोअपचे इतके, आणि एक पेशंट शेवटपर्यंत टिकला तर बेरीज लाखाच्या आसपास जाते. त्यातूनच तपासण्या, माझा पगार, हॉस्पिटलचा ओव्हरहेड, सरांची फी. पेशंटला मिळतो जाण्यायेण्याचा खर्च. हा तक्ता नीट बघितला की एक गोष्ट लक्षात येते, जो पेशंट स्क्रीनिंगला फेल होतो त्याचे पैसे फारच थोडे आणि त्यालाही मर्यादा, इतके पेशंट आत घेतले तर इतकेच फेल धरणार. म्हणजे माणूस आत गेला तर हॉस्पिटलचा फायदा, बाहेर राहिला तर जवळजवळ पदरमोड. याने कुणी चोर होत नाही, पण सीमारेषेवरचा पेशंट असला की "एकदा परत बीपी बघ ना पाच मिनिटांनी" हे वाक्य जरा जास्त सहज तोंडात येतं. प्रोटोकॉलमध्ये दुसऱ्यांदा बीपी घ्यायला परवानगी असते, तेव्हा चूकही काही नाही त्यात.

त्याच करारात पंधराव्या-सोळाव्या पानावर छापण्याबद्दलचं कलम होतं. आपल्या सेंटरचा डेटा आपण परस्पर छापायचा नाही, आधी सगळ्या देशांचा मिळून पेपर येईल, तो नाही आला तर अमुक महिने थांबायचं, आणि मग छापायचं असेल तर मजकूर आधी कंपनीला बघायला द्यायचा. यामागे शास्त्रीय कारणही आहे, एका सेंटरच्या मूठभर पेशंटवरून निष्कर्ष काढले तर गोंधळच होईल. पण अख्खा डेटा एकत्र फक्त एकाच पक्षाकडे असतो. आमच्या लीगलच्या बाईंनी त्या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारली होती, बदल मागितला, थोडे महिने कमी झाले, बाकी तसंच राहिलं.

एथिक्स कमिटीत किमान ७ माणसं लागतात, त्यात डॉक्टर नसलेलेही, वकील, समाजशास्त्राची जाण असलेलं कुणीतरी आणि एक सामान्य नागरिक, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे निम्मे तरी हॉस्पिटलच्या बाहेरचे. आमच्याकडे सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. बाकी सगळे कन्सेंट फॉर्ममधल्या मराठीच्या चुका, इन्शुरन्सची मुदत, नुकसानभरपाई यात गुंतलेले असताना त्या म्हणाल्या, "हे औषध पास झालं तर आपल्या पेशंटना परवडेल का?" दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी ट्रायल संपल्यावर औषध देण्याबद्दलचं कलम वाचून दाखवलं, जे असतंच आणि ज्यात बऱ्याच अटी असतात, आणि म्हणाले की किंमत आपल्या कक्षेत येत नाही. मिनिट्समध्ये तो प्रश्न एका ओळीत आला. कमिटीची फी स्पॉन्सर, म्हणजे ट्रायलचा खर्च उचलणारी कंपनी, भरतो, हेही जाता जाता सांगते, ती सगळीकडेच भरतो आणि त्याने मतं विकली जातात असं काही नाही.

मग खरी धावपळ सुरू होते ती पेशंट भरायची. एन्रोलमेंट कॉम्पिटिटिव्ह असते, म्हणजे जगभरातून मिळून इतके पेशंट हवेत, ते ज्या दिवशी पुरे झाले त्या दिवशी सगळ्यांचं दार बंद, तुम्ही तोवर दोनच दिले असतील तर दोनच. दर सोमवारी कॉल. दर महिन्याला एक रंगीत न्यूजलेटर, त्यात कुठल्या देशाने किती दिले, कुठल्या सेंटरने बाजी मारली, टाळ्यांची इमोजी. भारतातली सेंटर या यादीत वर असतात कारण आपल्याकडे पेशंट भरपूर, त्यातले बरेच आधी फारशी औषधं न घेतलेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की लोक ऐकतात. हे तिसरं कारण न्यूजलेटरमध्ये नसतं.

कन्सेंटचा एक प्रसंग सांगते. नवीन मॉलिक्यूल, म्हणजे अजून मान्यता न मिळालेलं औषध असेल आणि पेशंट लिहिता-वाचता न येणारा किंवा परिस्थितीने गांजलेला वगैरे असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि वाचता येत नसेल तर एक तटस्थ साक्षीदारही हवा. आमची खोली छोटी, एसी लावला तर आवाज रेकॉर्ड होतो म्हणून बंद ठेवायचा, उन्हाळ्यात सगळे घामाघूम. शिरूरकडचे एक आजोबा, धोतर, टोपी, शेजारी आजी. मी सगळं वाचून दाखवलं, दोन गट, कुठली गोळी कोणाला हे आम्हालाही माहीत नाही, कधीही सोडून जाऊ शकता. मग नियमाप्रमाणे विचारलं, काही शंका आहे का. आजोबा म्हणाले, "ताई, एकच सांगा, ह्यात कंपनीला काय भेटनार?"

"आजोबा, औषध चालतंय असं सिद्ध झालं की त्यांना ते विकता येतं."

"आन नाय चाललं तर?"

"तर नाही येत विकता."

"मग चालतंयच म्हनतील की वो ते."

आजी म्हणाल्या, "गप बसा, फोटू काढत्यात." मला हसू आवरेना, सर कॅमेऱ्याच्या मागे मान खाली घालून उभे. मी काहीतरी सांगितलं की सरकार तपासतं, कमिटी तपासते, मॉनिटर येतात. ते "बरं" म्हणाले आणि अंगठा दिला. मॉनिटर मॅडमनी नंतर ते रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा त्याही हसल्या आणि म्हणाल्या, इतका चांगला कन्सेंट मी या सेंटरवर बघितलेला नाही, कारण पेशंटने खरोखरची शंका विचारली. बाकीचे सगळे "काही शंका नाही मॅडम" म्हणतात.

आजोबा आत गेले नाहीत पण. त्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, कटऑफच्या खाली आला, स्क्रीन फेल. आणि हे एकट्याचं नाही, वय इतक्याच्या वर नको, किडनी अशी नको, गेल्या काही महिन्यांत हार्टचं काही झालेलं नको, लिव्हरचे आकडे इतक्याच्या आत हवेत. सुरक्षिततेसाठी हे लागतंच, आजारी माणसावर नवं औषध कुणी आधी टाकू नये. पण गाळून गाळून जी माणसं उरतात ती आमच्या ओपीडीच्या बाकावर सकाळी आठपासून बसलेल्या माणसांसारखी नसतात, जरा तरुण, जरा धडधाकट, एकच आजार असलेली, त्यामुळे साइड इफेक्ट कमी दिसतात आणि औषध देखणं दिसतं. गोळी बाजारात आल्यावर मात्र असला काही चाळणीचा प्रकार नसतो. त्या आजोबांच्या वयाचे, तसल्याच किडनीचे लोक डोस कमी करून म्हणा किंवा तसाच म्हणा, ती गोळी घेऊन येतात आमच्याकडे.

मधल्या महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हिजिट, रक्त, कुरियर, भरलेल्या आकड्यांवर क्वेरी, परत क्वेरी. कुणी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालं, कारण काहीही असो, अगदी गाडीवरून पडलं तरी, २४ तासांत रिपोर्ट करायचा. मॉनिटर येऊन मूळ केसपेपर आणि कॉम्प्युटरमधला आकडा एकेक करून जुळवून बघणार. इथे इतकी कडक शिस्त असते की मी कुणालाही छातीठोकपणे सांगते, आमचे आकडे खरे होते.

खरे आकडे कशाचे, हा मुद्दा आहे ना. एचबीएवनसीचे. आणि एचबीएवनसी उतरणं म्हणजे पेशंट जास्त जगणं असं नसतं, हे डायबेटीसवाल्यांना फार महागात पडून कळलं. रोसिग्लिटाझोन नावाची गोळी १९९९ ला अमेरिकेत आली, ग्लॅक्सोची अव्हांडिया, शुगर छान उतरवायची, जगभर खपली. २००७ मध्ये अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी ४२ ट्रायल एकत्र करून दाखवलं की तिच्यावर हार्ट ॲटॅकची शक्यता ४३ टक्क्यांनी जास्त दिसतेय. त्यांना तो डेटा मिळाला कसा तेही ऐका. ग्लॅक्सोवर न्यूयॉर्कमध्ये आधी एक खटला झाला होता, डिप्रेशनच्या वेगळ्याच औषधाचे लहान मुलांवरचे प्रतिकूल निकाल दडवले म्हणून, २००४ ला तडजोड झाली आणि त्यात कंपनीने आपल्या ट्रायलचे निकाल वेबसाइटवर टाकायचे ठरलं. निसेन यांनी ती वेबसाइट उघडली. एका औषधाची लपवाछपवी दुसऱ्याच्या मुळावर आली. २०१० मध्ये युरोपने ती गोळी थांबवली, आपल्याकडेही त्याच वर्षी बंदी आली, अमेरिकेत आधी निर्बंध आणि पुढे आणखी तपासणीनंतर ते सैल केले, कारण धोका नक्की किती यावर शेवटपर्यंत वाद राहिला. २०१२ ला ग्लॅक्सोने अमेरिकेत ३ अब्ज डॉलर भरून जी तडजोड केली त्यात अव्हांडियाच्या सुरक्षिततेची माहिती वेळेवर न देणं हाही एक आरोप होता.

यातून एक चांगली गोष्ट झाली, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की यापुढे डायबेटीसचं नवीन औषध आणाल तर हृदयाला धोका वाढत नाही हेही दाखवा. कंपन्यांनी भरपूर कुरकुर केली, खर्च केवढा वाढतो वगैरे. पण करावं लागलं, आणि २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या तसल्याच ट्रायलमध्ये धोका तर नाहीच, हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. धोका नाही ना एवढं बघायला गेले आणि हातात उपचार आला! आज हार्ट फेल्युअरच्या पेशंटला डायबेटीस नसला तरी ती गोळी देतात. त्या कंपनीने नंतर त्यावर बक्कळ कमावलं आणि कमवावंच, माझी काही तक्रार नाही. पण हा प्रश्न स्वतःहून कुणी विचारला नव्हता, विचारायला भाग पाडलं म्हणून विचारला.

आमची ट्रायल संपली. डेटाबेस लॉक झाला, उरलेल्या गोळ्या मोजून परत पाठवल्या, फाइली खोक्यांत भरल्या, टेप लावला, खोक्यांवर नंबर टाकले, गोडाऊनला गेली. निकाल काय लागला? आम्हाला कंपनीच्या प्रेस नोटवरून कळलं. प्लासिबोपेक्षा सरस, सुरक्षित. पेपर आला तेव्हा लेखकांत सरांचं नाव नव्हतं, मागच्या पुरवणीत सगळ्या देशांच्या सगळ्या डॉक्टरांची जी लांब यादी असते त्यात होतं, स्पेलिंग चुकलेलं. शेवटी बारीक अक्षरात आभार, लिखाणाला मदत अमुक एजन्सीच्या मेडिकल रायटरची, खर्च स्पॉन्सरचा. हे जाहीर लिहितात ते बरंच म्हणायचं, पूर्वी तेही लिहीत नसत.

त्याहून गंमत पुढे झाली. गोळी बाजारात आल्यावर एक दिवस दुसऱ्याच एका कंपनीचा एमआर त्याच वर्गातल्या स्वतःच्या गोळीची "ऑब्झर्व्हेशनल स्टडी" घेऊन आला. मॉनिटर नाही, फ्रीजर नाही. दोन पानी फॉर्म, दहा पेशंटना गोळी सुरू करायची, तीन महिन्यांनी शुगर लिहायची आणि डॉक्टरचं मत: उत्तम, चांगलं, बरं. खाली "असमाधानकारक" असा चौकोनच नव्हता, मी दोनदा उलटून बघितलं. फॉर्ममागे मानधन. असे शेकडो डॉक्टर. दुसरा गट नाही, म्हणजे तुलना नाही, मग शिकायचं काय त्यातून? शिकायचं काही नसतंच, दहा पेशंटना गोळी सुरू करून डॉक्टरच्या हाताला ती सवय लागावी एवढाच उद्देश. अमेरिकेत याला सीडिंग ट्रायल म्हणतात, मर्क कंपनीच्या व्हायॉक्स या वेदनाशामक गोळीची ॲडव्हांटेज नावाची ट्रायल तशीच होती, तिचा आराखडा कंपनीच्या मार्केटिंग खात्याने केला होता हे कोर्टात बाहेर आलेल्या कंपनीच्याच कागदांवरून २००८ मध्ये उघड झालं. सरांनी एमआरला चहा पाजला आणि फॉर्म परत दिले. शेजारच्या केबिनमध्ये घेतले गेले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. सरांच्या डोक्यात बरीच वर्षं एक अभ्यास घोळत होता. सत्तरी ओलांडलेले पेशंट, तीन-तीन, चार-चार शुगरच्या गोळ्या, एचबीएवनसी एकदम कडक, आणि रात्री-बेरात्री शुगर खाली जाऊन बाथरूममध्ये पडतात, खुबा मोडतो. वय झालेल्यांना इतकी कडक शुगर नको हे गाइडलाइनमध्येही आहे, पण कुठली गोळी आधी काढायची, कशी कमी करायची, काढल्यावर किती लोकांची शुगर तरीही ठीक राहते, यावर आपल्याकडच्या पेशंटचा अभ्यास करावा असं त्यांना वाटत होतं. थोडक्यात, औषध कमी करायची ट्रायल.

सरांनी ओळखीच्या दोन-तीन कंपन्यांच्या मेडिकल हेडशी बोलून बघितलं. मला हसूच आलं होतं. पण सगळे फार सभ्यपणे वागले, हो, एकाने तर "व्हेरी रिलेव्हंट, सर" असंही म्हटलं. मग प्रत्येकाने विचारलं की यात आमच्या ब्रँडचा रोल काय. आता यात त्यांचा रोल म्हणजे स्ट्रिपमधून बाहेर पडायचा! त्यांच्या जागी मी असते तरी नाही म्हटलं असतं, नोकरी आहे शेवटी.

मग आपणच करू म्हणून कागद मांडले तेव्हा कळलं की स्पॉन्सर म्हणजे किती काय काय असतं. आधी लॅबची किट कुरियरने घरपोच यायची, आता हॉस्पिटलची लॅब म्हणते एचबीएवनसीचं बिल कुणाच्या नावे फाडू. इन्शुरन्स, स्टॅटिस्टिशियन, डेटा भरायला माणूस, पेशंटचा एसटीचा खर्च. नियमांची अडचण नाही, मान्यता असलेल्या औषधांवरचा असा अकॅडेमिक अभ्यास एथिक्स कमिटीच्या परवानगीने करता येतो, कमिटीने फीही घेतली नाही. सरकारी ग्रँटसाठी अर्ज केला, तो पहिल्या फेरीत बाहेर पडला, सुधारून परत टाकायचाय. आणि प्रशासनाच्या मीटिंगमध्ये विचारलं गेलं की कोऑर्डिनेटरचा, म्हणजे माझा, वेळ यात गेला तर चालू ट्रायलचं काय, कारण माझा पगार तिथून निघतो.

हे जमतच नाही असं नाहीये. मुंबईत टाटा मेमोरियलने जमवून दाखवलंय. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने देशातल्या ११ केंद्रांवर १६०० बायकांमध्ये बघितलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं तर काय होतं. लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते भुलीचं औषध, शंभरेक रुपयांचा मामला. ५ वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये पेपर आला. अशा निकालाचं नवीन औषध असतं तर लाखांत किंमत लागली असती आणि प्रत्येक कॅन्सर परिषदेत त्याचा स्टॉल असता. लिग्नोकेनचा स्टॉल कोण लावणार? भरती सुरू झाल्यापासून पेपर येईपर्यंत दशकाहून जास्त गेलं, सगळा खर्च सरकारी. त्यांचंच दुसरं, डोक्या-मानेच्या कॅन्सरला निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात ते दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला, देऊन बघितलं आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. यात पूर्ण डोसशी समोरासमोर तुलना नव्हती, फक्त गोळ्या घेणाऱ्यांशी होती, तेवढी खोच आहे. पण ज्या पेशंटला पूर्ण डोस परवडतच नाही त्याच्यासाठी हीच तुलना खरी होती, आणि आपला डोस बाराव्या हिश्शावर आणला तर चालेल का हे कुठली कंपनी तपासायला जाईल?

टाटाकडे यंत्रणा आहे, अणुऊर्जा खात्याचा पैसा आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमच्याकडे शेवटी ठरलं असं की हा अभ्यास डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं स्पेशालिस्टचं शिक्षण, करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा थीसिस म्हणून टाकायचा. तिला थीसिस लागतोच, त्यामुळे मनुष्यबळ फुकट. तोटा असा की तिची मुदत ठरलेली, पेशंटची संख्या त्यात बसेल तेवढीच, खुबा मोडण्याबद्दल काही सांगता येईल इतकी ती नसणार, परत एचबीएवनसी आणि शुगर किती वेळा खाली गेली यावरच समाधान मानायचं. ज्या सरोगेट, म्हणजे खऱ्या परिणामाऐवजी मोजलेल्या, आकड्यावरून मी वर एवढं बोलले त्याच्यावरच आम्हीही येऊन थांबलो, फक्त वेगळ्या कारणाने.

गेल्या आठवड्यात तिच्यासोबत बसून सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी केली. भारतात २००९ पासून ट्रायलची आधी नोंदणी सक्तीची आहे, फुकट आहे, आणि कुणालाही उघडून बघता येते, कुणाची ट्रायल, पैसा कुणाचा, काय मोजणार, सगळं. तिथे प्रायमरी स्पॉन्सरचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तिने विचारलं इथे काय टाकू, सर म्हणाले माझं नाव टाक. त्याखाली पैशाचा स्रोत, तिथे हॉस्पिटलचं. आता लॅबवाल्यांशी घासाघीस चालू आहे, त्यांनी निम्म्या दरात टेस्ट करून दिल्या तर सहाव्या महिन्यासोबत बाराव्या महिन्यालाही बोलावता येईल, नाहीतर सहावरच थांबावं लागेल.